ब्राउझरमधून राउटर, एनव्हीआर आणि कंट्रोलर सुरक्षितपणे उघडण्याची पद्धत

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळी पिकवण्याची चेंबर्स वाढली आणि त्यांच्या भिंतींवर कंट्रोलरचे डबे आले. आतलं तापमान १६ ते १८ अंशांवर ठेवायचं, फळ पिकवणारा इथिलीन वायू कधी सोडायचा, हवा कधी बदलायची, हे आता लॅपटॉपवर एक पान उघडून ठरवता येतं. बोदवड-जामनेरकडच्या जिनिंगमध्ये कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एनव्हीआर असतो, जळगावच्या सराफ बाजारात तर दुकानागणिक असतो, आणि फायबरचा राउटर आता गावोगावी पोचला आहे. या सगळ्यांच्या सेटिंग्जमध्ये शिरायचा मुख्य दरवाजा एकच: ब्राउझर.

तिथेच गडबड होते. पान उघडताना ब्राउझर लाल त्रिकोण दाखवतो, कनेक्शन खासगी नाही म्हणतो. कॅमेरे बसवायला आलेला मुलगा सांगतो, "काही व्हत नही भाऊ, ॲडव्हान्स्ड दाबा नि पुढे चला." मालक पुढे जातो, पासवर्ड टाकतो, काम होतं. पुढच्या वेळी हात आपोआप त्याच बटनावर जातो. माझं सांगणं असं की पुढे जायला हरकत नाही, पण आधी त्या डिव्हाइसची ओळख एकदा, थेट केबल लावून, पक्की करून घ्या. त्याला अर्धा तास लागतो. ते केलंत की तीच लाल सूचना तुमच्या कामाची होते.

आधी धोका समजून घ्या

ब्राउझर आणि डिव्हाइस यांच्यातलं बोलणं दोन प्रकारे चालतं. साध्या एचटीटीपीवर, म्हणजे पोर्ट ८० वर (पोर्ट म्हणजे इथे जोडणीचा क्रमांक), तुमचा पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. एचटीटीपीएसवर, म्हणजे पोर्ट ४४३ वर, तो टीएलएस नावाच्या सांकेतिक कुलपात जातो. "आमचंच वाय-फाय आहे, आत कोण येणार?" हा प्रश्न नेहमी येतो. जिनिंगच्या किंवा पॅक हाउसच्या वाय-फायचा पासवर्ड हंगामात किती जणांना दिलेला असतो ते आठवा: ट्रकचे ड्रायव्हर, हमाल, व्यापाऱ्याचा मुनीम, शेजारचा दुकानदार. डब्ल्यूपीए२ प्रकारच्या वाय-फायमध्ये ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा फोन जोडला जातानाची सुरुवातीची देवाणघेवाण पकडली आहे, तो तुमचा पुढचा येणारा-जाणारा मजकूर वाचू शकतो. शिवाय आतल्या नेटवर्कवर "मीच राउटर आहे" असं खोटं सांगून मधे बसणंही अवघड नाही. त्याची तयार साधनं फुकट मिळतात.

एचटीटीपीएस दोन कामं करतं. एक, बोलणं गुप्त ठेवतं. दुसरं, समोर कोण आहे ते सांगतं. बँकेची वेबसाइट उघडता तेव्हा एक मान्यताप्राप्त संस्था त्या साइटची हमी देते. तुमच्या एनव्हीआरला अशी हमी कोणी देत नाही, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी आहेत. तेच पत्ते जळगावात आहेत तसे जर्मनीतही आहेत, त्यामुळे सार्वजनिक संस्था त्यांना सर्टिफिकेट देतच नाहीत. म्हणून डिव्हाइस स्वतःच स्वतःचं सर्टिफिकेट बनवतं. बागेत केळी घ्यायला आलेल्या अनोळखी व्यापाऱ्याने स्वतःच छापलेलं कार्ड पुढे करावं, तसंच हे. कार्ड खरं असू शकतं, पण ओळखीचा कोणी सोबत नसेल तर शेतकरी माल तोडायच्या आधी चौकशी करतो. इथे ती चौकशी तुम्हाला करायची आहे.

तयारी

हवं काय? एक लॅपटॉप, एक साधी लॅन केबल, लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा ॲडॅप्टर, आणि एक वही. कामाचा लॅपटॉप अपडेट केलेला असू द्या. सायबर कॅफेतला किंवा कोणाचाही मागून घेतलेला कॉम्प्युटर या कामाला वापरू नका.

वहीत डिव्हाइसचं मॉडेल, त्याच्या खालच्या लेबलवरचा सीरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा क्रमांक) लिहा. लेबलचा फोटो काढून ठेवा, मात्र गावच्या ग्रुपवर टाकू नका. बऱ्याच राउटरच्या लेबलवर लॉगिनचा पासवर्डही छापलेला असतो.

मग डिव्हाइसचा पत्ता. राउटरचा पत्ता शोधायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो तो राउटर. तो बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मोबाइलवर वाय-फायच्या नावावर जाऊन तपशिलात 'गेटवे' पाहिलं तरी तेच मिळतं. एनव्हीआरला टीव्ही किंवा मॉनिटर जोडलेला असेल तर त्याच्या नेटवर्क मेनूत पत्ता लिहिलेला असतो. चेंबरच्या कंट्रोलरसाठी त्याचं माहितीपुस्तक पाहा.

पत्ता गुगलमध्ये शोधू नका. राउटर लॉगिन असं शोधलं की जाहिरातींत खोटी पानं आणि 'हेल्पलाइन' नंबर येतात. त्या नंबरवरचा माणूस लॅपटॉपचा ताबा मागतो आणि मग पैसे. तुमच्या राउटरचं पान इंटरनेटवर नसतं, ते तुमच्या भिंतीवरच्या डब्यात असतं.

पहिली भेट: मधे कोणी नको

लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे विसरू नका, कारण वाय-फाय आणि केबल दोन्हीकडे १९२.१६८.१ चे पत्ते असले तर लॅपटॉप भलत्या बाजूला बोलायला जाईल. आता केबलचं एक टोक लॅपटॉपला, दुसरं थेट डिव्हाइसला. राउटर असेल तर त्याच्या 'लॅन' पोर्टमध्ये लावा, आणि बाहेरून येणारी इंटरनेटची जोडणी व बाकीच्या लॅन केबली तेवढ्यापुरत्या काढून ठेवा; राउटरचं वाय-फायही तेवढ्यापुरतं बंद ठेवा, कारण त्यावरचा माणूसही त्याच नेटवर्कवर असतो. एनव्हीआर असेल तर त्याची राउटरकडे जाणारी केबल काढून तिच्या जागी लॅपटॉपची लावा. आता त्या केबलवर तुम्ही आणि ते डिव्हाइस, दोघंच. तिसरा कोणी मधे येऊ शकत नाही, आणि सगळ्या पद्धतीचा पाया हाच आहे.

राउटर लॅपटॉपला पत्ता आपोआप देतो. एनव्हीआर, स्विच (अनेक केबली जोडायचा डबा) आणि कंट्रोलर सहसा देत नाहीत. तेव्हा लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागतो. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे आयपी असाइनमेंटसमोर एडिट करून मॅन्युअल निवडा आणि आयपीव्ही४ चालू करा. डिव्हाइस १९२.१६८.१.१०८ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. पहिले तीन आकडे सारखे, शेवटचा वेगळा, एवढं जमलं की झालं. काम संपल्यावर हे पुन्हा ऑटोमॅटिकवर आणायची नोंद आत्ताच वहीत करा, नाहीतर संध्याकाळी घरी लॅपटॉपचं नेट चालणार नाही आणि कारण सापडणार नाही.

ब्राउझर उघडा. वरच्या पट्टीत एचटीटीपीएस, मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा (https://) आणि पत्ता, असं पूर्ण टाइप करा. नुसता पत्ता टाकला तर ब्राउझर साध्या एचटीटीपीवर जाण्याची शक्यता असते. कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. इथे मी देवनागरी अंक लिहिले आहेत, पण पट्टीत इंग्रजीच अंक लागतात.

पान उघडलंच नाही तर तीन कारणं असू शकतात. एचटीटीपीएस दुसऱ्या पोर्टवर असेल, बऱ्याच डिव्हाइसमध्ये ते ८४४३ असतं. मग पत्त्याच्या शेवटी अपूर्णविराम (:) देऊन तो आकडा लिहा. किंवा एचटीटीपीएस बंद असेल. मग याच केबलवर, आणि फक्त याच केबलवर, साध्या एचटीटीपीने आत जाऊन नेटवर्क किंवा सिक्युरिटीच्या मेनूत ते चालू करा. तिसरं कारण जुनं डिव्हाइस, त्याबद्दल पुढे.

लाल पान आलं की

इथे घाई नको. पासवर्ड टाकायच्या आधी सर्टिफिकेट पाहायचं आहे, आणि ते या सूचनेच्या पानावरूनच पाहता येतं. क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडे 'नॉट सिक्युअर' लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून सर्टिफिकेटचे तपशील उघडा. फायरफॉक्समध्ये 'ॲडव्हान्स्ड' आणि मग 'व्ह्यू सर्टिफिकेट'. त्यात 'एसएचए-२५६ फिंगरप्रिंट' शोधा. ही ० ते ९ आणि ए ते एफ यांची ६४ चिन्हांची माळ असते. क्रोम अशा दोन माळा दाखवतो, एक सर्टिफिकेटची आणि एक पब्लिक कीची. तुम्ही सर्टिफिकेटची घ्या. पूर्ण माळ एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा आणि वहीत निदान पहिली आठ व शेवटची आठ चिन्हं लिहा.

हा त्या डिव्हाइसचा अंगठा. केबलवर दोघंच असताना घेतला म्हणून तो भरवशाचा. आता 'ॲडव्हान्स्ड'मधून पुढे जा.

पुढे कधीही वाय-फायवरून तेच पान उघडलं आणि लाल सूचना आली, की फिंगरप्रिंट काढून फाइलशी ताडून पाहा. जुळला तर समोर तुमचंच डिव्हाइस आहे आणि बोलणं कुलपात आहे. नाही जुळला तर पासवर्ड टाकू नका. मधल्या काळात कोणी फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं का, डिव्हाइस फॅक्टरी रीसेट झालं का, म्हणजे पुसून कारखान्यातल्यासारखं झालं का, पत्ता बदलला का, हे विचारा. या तिन्हींनी सर्टिफिकेट नवं बनू शकतं. तसं काहीच घडलेलं नसेल तर पुन्हा केबल लावा आणि पाहा. केबलवर जुना फिंगरप्रिंट आणि वाय-फायवर नवा, असं दिसलं तर तुमच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी मधे बसलं आहे.

या कामाला मी फायरफॉक्स पसंत करतो. त्यात दिलेली परवानगी त्या एका सर्टिफिकेटपुरती साठवली जाते. सर्टिफिकेट बदललं की सूचना पुन्हा येते, म्हणजे ताडून पाहायचं काम ब्राउझर स्वतःच करतो. क्रोम तुमचा होकार काही दिवसच लक्षात ठेवतो आणि पुन्हा विचारतो. वारंवार विचारलं की माणूस न वाचता दाबू लागतो.

एक पोटातली गोष्ट. काही स्वस्त डिव्हाइसमध्ये कंपनी एकच सर्टिफिकेट आणि त्याची एकच खासगी किल्ली (कुलपाचा गुप्त आकडा) सगळ्या नगांत भरून पाठवते. मग तुमचा आणि परगावच्या कोणाचाही फिंगरप्रिंट सारखाच, आणि ती किल्ली फर्मवेअरमधून कोणीही काढू शकतो. तुमच्याकडे एकाच मॉडेलची दोन डिव्हाइस असतील तर दोन्हींचे फिंगरप्रिंट शेजारी ठेवून पाहा. सारखे निघाले, किंवा तुलना करायला दुसरं डिव्हाइसच नसेल, तर सेटिंग्जमध्ये सर्टिफिकेटच्या पानावर जाऊन नवं सेल्फ-साइन्ड (डिव्हाइसने स्वतःच सही केलेलं) सर्टिफिकेट बनवा आणि नवा फिंगरप्रिंट नोंदवा.

पण त्याआधी डिव्हाइसचं घड्याळ पाहा. आपल्याकडे वीज जाते, उन्हाळ्यात तर जास्तच. आतला बटन सेल मेला असेल तर वीज आल्यावर डिव्हाइस १९७० किंवा २००० सालात उठतं. त्या अवस्थेत बनवलेलं सर्टिफिकेट जन्मतःच कालबाह्य ठरतं, आणि चोरी झाली तर रेकॉर्डिंगवरची तारीखही निरुपयोगी. तारीख-वेळ बरोबर लावा, टाइम झोन अधिक ५:३० करा, एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणं) चालू करा, आणि सर्टिफिकेट त्यानंतरच बनवा. डब्याला छोटा यूपीएस दिला तर उत्तमच.

आत गेल्यावर

पहिलं काम पासवर्ड. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, आणि तेवढ्यावर भागलं. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्याच डिव्हाइसच्या फौजेने साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडखळल्या. त्या फौजेतल्या कॅमेऱ्यांच्या मालकांना आपला कॅमेरा कोणाचं काम करतोय याचा पत्ताही नव्हता.

म्हणून ॲडमिनचा पासवर्ड लांब ठेवा, १४ चिन्हांहून मोठा, आणि प्रत्येक डिव्हाइसचा वेगळा. दुकानाचं नाव आणि साल नको. चार असंबद्ध शब्द आणि मधे एखादा आकडा, हे लक्षातही राहतं. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर त्यात ठेवा, नसाल तर वहीत लिहून ती वही तिजोरीत ठेवा. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमधल्या ब्राउझरला पासवर्ड 'सेव्ह' करू देऊ नका.

मुनीम, मॅनेजर किंवा घरातल्या मुलांना नुसतं पाहायचं असेल तर त्यांच्यासाठी फक्त पाहण्याचा हक्क असलेलं वेगळं खातं बनवा. ॲडमिन एकाकडेच. बसवायला आलेल्याला काम संपेपर्यंत पासवर्ड द्यावाच लागतो. तो गेल्यावर बदलायचा, यात कोणी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, आणि चांगला कारागीर स्वतःच तसं सांगतो.

मग त्याच बैठकीत साधं एचटीटीपी बंद करा, किंवा बंद होत नसेल तर ते एचटीटीपीएसकडे वळवा. टेलनेट, म्हणजे दुरून आज्ञा देण्याचा बिनकुलपाचा जुना मार्ग, बंद. यूपीएनपी (डिव्हाइसला राउटरमधून आपोआप वाट काढून देणारी सोय) बंद, राउटरवरही आणि एनव्हीआरवरही, कारण त्याच्या जोरावर एनव्हीआर तुम्हाला न विचारता राउटरमधून बाहेर भोक पाडू शकतो. राउटरमध्ये 'रिमोट मॅनेजमेंट' किंवा 'वॅनकडून ॲक्सेस' (वॅन म्हणजे राउटरची इंटरनेटकडची बाजू) असा पर्याय असेल तर तोही बंद. आणि राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, सेटिंगमध्ये प्रत्येक डिव्हाइसच्या मॅक ॲड्रेससाठी पत्ता राखून ठेवा, म्हणजे तो उद्या बदलणार नाही.

फर्मवेअर अपडेट कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. अपडेट चालू असताना वीज गेली तर डिव्हाइस कायमचं निकामी होऊ शकतं, म्हणून हे काम यूपीएसवर किंवा भारनियमनाची वेळ टाळून करा.

लाल सूचना कायमची घालवायची असेल

एक-दोन डिव्हाइससाठी फिंगरप्रिंट ताडणं पुरतं. पण शिरपूर किंवा जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात दहा-पंधरा स्विच, दोन-तीन एनव्हीआर आणि कंट्रोलर असतील, तर स्वतःची छोटी सर्टिफिकेट संस्था उभी करणं सोयीचं. एक्ससीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर हे खिडक्या-बटनांत करू देतं, ओपनएसएसएल आज्ञांनी करतं.

आधी एक रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्यांवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट, बनवा, दहा वर्षांचं चालेल. मग डिव्हाइसच्या मेनूतून सर्टिफिकेटची मागणी, म्हणजे सीएसआर, तयार करून घ्या. यात खासगी किल्ली डिव्हाइसबाहेर येत नाही, म्हणून हीच वाट चांगली. त्या मागणीवर रूटची सही करताना 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या रकान्यात डिव्हाइसचा आयपी पत्ता टाकायलाच हवा. क्रोम २०१७ पासून जुन्या 'कॉमन नेम'कडे बघतच नाही, आणि सगळं बरोबर करूनही सूचना जात नाही तेव्हा बहुतेक वेळा हाच रकाना रिकामा असतो. मुदत ८२५ दिवसांच्या आत ठेवा, त्याहून लांब सर्टिफिकेट ॲपलचे फोन आणि मॅक नाकारतात. सही झालेलं सर्टिफिकेट डिव्हाइसमध्ये चढवा, आणि रूट सर्टिफिकेट विंडोजच्या 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज' या कप्प्यात आयात करा. ते देखरेख करणाऱ्या एक-दोन कॉम्प्युटरवरच टाका, सगळ्यांवर नको.

रूटची खासगी किल्ली चोरीला गेली तर चोर त्या कॉम्प्युटरला कोणत्याही बँकेचं खोटं पान खरं म्हणून दाखवू शकतो. ती पासवर्डने बंद करून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि तो पेनड्राइव्ह तिजोरीत.

जुनी डिव्हाइस

टीएलएस १.० आणि १.१ हे जुने प्रकार मोठ्या ब्राउझरनी २०२० च्या सुमारास बंद केले. आजच्या ब्राउझरला १.२ किंवा २०१८ साली आलेलं १.३ लागतं. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचा डीव्हीआर (जुन्या प्रकारचा कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) किंवा स्विच उघडताना व्हर्जन जुळत नाही अशी सूचना येते आणि पुढे जाण्याचं बटनच नसतं. काही डीव्हीआर इंटरनेट एक्सप्लोररचा प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) मागतात, आणि विंडोज १० वरचा तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. अशा वेळी कुठूनतरी जुना ब्राउझर डाउनलोड करून देणारे भेटतात. ते करू नका, त्या ब्राउझरची सगळी भोकं तुमच्या लॅपटॉपवर येतात. फर्मवेअर मिळालं तर चढवा. नाही मिळालं आणि प्लगइनच हवा असेल तर एज ब्राउझरमधला आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड वापरा, तोही थेट केबलवर. बाकी वेळ त्या डिव्हाइसला इंटरनेट देऊ नका. नवं घ्यायची ऐपत झाली की पहिलं हेच बदला. एप्रिल २०२५ पासून भारतात नव्याने विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक झाल्या आहेत, खरेदीच्या वेळी त्या प्रमाणपत्राबद्दल विचारा.

पुण्याहून चोपड्याचं चेंबर बघायचं असेल

बाहेरून पाहायला म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट डिव्हाइसपर्यंत उघडी वाट) करून देण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. कृपया करू नका. अशी उघडी पोर्ट जगभरचे हल्लेखोर आपोआप चालणाऱ्या यंत्रणांनी शोधत असतात, आणि एचटीटीपीएस असलं तरी डिव्हाइसच्या लॉगिन पानातलीच एखादी चूक त्यांना पुरते.

योग्य मार्ग व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून तुमच्या नेटवर्कपर्यंत जाणारा कुलूपबंद बोगदा. राउटरमध्ये वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रकार असेल तर ते चालू करा, फोन आणि लॅपटॉपवर त्याचं ॲप टाका, क्यूआर कोड स्कॅन करा. मग पुण्यात बसून आधी बोगदा जोडायचा, आणि त्यानंतर ब्राउझरमध्ये तोच आतला पत्ता, तोच फिंगरप्रिंट. व्हीपीएन आहे म्हणून साधं एचटीटीपी चालेल असं समजू नका, बोगदा राउटरपर्यंतच असतो.

एक अडचण येईल. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे सेवा पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. बाहेरून तुमच्यापर्यंत थेट येता येत नाही. मग पुरवठादाराकडून वेगळे पैसे देऊन स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, घ्या, किंवा टेलस्केलसारखी सेवा वापरा. ती आतून बाहेर जोडणी करते, त्यामुळे सीजीनॅटमागूनही चालते. त्यासाठी चेंबरवर सतत चालू असणारा एखादा छोटा कॉम्प्युटर लागतो.

निघण्याआधी

डिव्हाइसचं पान उघडं असताना त्याच ब्राउझरमध्ये दुसऱ्या साइट उघडू नका. एखादं लबाड पान तुमच्या चालू लॉगिनचा फायदा घेऊन राउटरला परस्पर आज्ञा पाठवू शकतं. काम झालं की लॉगआउट करा, नुसती टॅब बंद करणं पुरत नाही.

लॅपटॉपचा पत्ता ऑटोमॅटिकवर आणा, केबली जागेवर लावा. मग तपासणी. वाय-फायवरून एचटीटीपीएसने पान उघडा आणि फिंगरप्रिंट ताडा. साध्या एचटीटीपीने प्रयत्न करा, पान उघडता कामा नये किंवा एचटीटीपीएसकडे वळलं पाहिजे. कारखान्याचा जुना पासवर्ड टाकून पाहा, नाकारला गेला पाहिजे. शेवटी राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता फोनवर घ्या, फोनचं वाय-फाय आणि व्हीपीएन बंद करून मोबाइल डेटावरून तो उघडा. लॉगिनचं पान दिसलं तर रिमोट मॅनेजमेंट, यूपीएनपी किंवा जुनं पोर्ट फॉरवर्डिंग यांपैकी काहीतरी चालू राहिलं आहे. तिन्ही मेनू पुन्हा तपासा. काहीच उघडलं नाही तर वहीत आजची तारीख आणि फिंगरप्रिंट लिहून सही करा.